आतली पोरं, बाहेरची पोरं

आमच्या स्टाफरूममध्ये दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी किस्सा बाहेर येतो. मी एकोणीस वर्षं मराठी शिकवतेय. पहिली काही वर्षं आटपाडीला काढली, आता खंडाळा तालुक्यात, कंपन्यांच्या पट्ट्यातल्या हायस्कूलमध्ये आहे. संस्था एकच, बदल्याही तिच्याच शाळांमध्ये. असे किस्से कुणी गोळा करत नाही. रानातून चालताना साडीच्या काठाला कुसळं चिकटतात तसे ते चिकटतात, आणि घरी येऊन झटकायला बसलं की एखादं आत रुतलेलं सापडतं.

मी मूळची मेढ्याची. आमच्या लहानपणी वर्गात 'बाहेरचा' म्हणजे फार तर वाईचा. आता माझ्या एका वर्गात सहा राज्यांची पोरं बसतात. हसायला भरपूर मिळतं. फक्त जरा जपून हसा. मीही आधी हसलेच होते.

*

पहिला आटपाडीचा. त्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याच्या. त्यापायी माणसं पार दक्षिणेपर्यंत पोचलेली. तसाच मदुराईत जन्मलेला आणि वाढलेला सचिन आठवीत दाखल झाला. बोलायचा अस्सल गावाकडचं, पण मराठी वाचता एक अक्षर येत नव्हतं. आठवड्याभरात वर्गानं त्याचं बारसं केलं, 'मद्राशी'.

त्याचे आजोबा काठी टेकत शाळेत आले.

"आवं बाई, ह्या शाळंची जागा माज्या आज्ज्यानं दिलीया. आन माज्याच नातवाला मद्राशी म्हंत्यात व्हय?"

मी वर्गात गेले, पोरांना फैलावर घेतलं. मग सचिनला जवळ बोलावून म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नको रे. तिकडं मदुराईला बरं होतं ना?"

"तिकडं आमाला हिंदीवाला म्हणायची, मॅडम."

"मग?"

"मला हिंदी येत न्हाई."

*

खंडाळ्याला बदली झाली त्या वर्षीची गोष्ट. दहावीचे दाखले सहीला आले होते. आमचे मुख्याध्यापक मोहिते सर एकेक दाखला बघून सही करत होते. एकाएकी त्यांचा पेन थांबला. एका मुलाच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नेपाळी'.

त्यांनी क्लार्क पोपटरावांना बोलावलं. पोपटराव शांत.

"सर, मी त्याच्या वडिलांना विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? ते म्हणाले, नेपाळी."

"आणि हे काय? 'बिहारी'?"

"तेही तसंच विचारून लिहिलंय, सर."

सरांनी कपाळाला हात लावला आणि जनरल रजिस्टर मागवलं. आम्ही तिघं-चौघं बसून पानं उलटायला लागलो. पाच वर्षांत अशा अकरा नोंदी सापडल्या. एका मुलीच्या नावापुढं तर 'कंपनी' लिहिलं होतं. आम्ही पोट धरून हसलो. मग मोहिते सर म्हणाले, "या अकरा जणांचा इतक्या वर्षांत कुणी एकदाही रकाना वाचला नाही का? आपल्यापैकी?"

डबे तसेच राहिले त्या दिवशी.

*

प्रीती बिहारची. वडील कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. पाचवीत आली तेव्हा 'ळ' म्हणता येत नव्हता, आणि नववीच्या सहामाहीत मराठीत पहिली आली.

दुसऱ्याच दिवशी गावातले बाळासाहेब, दूध संस्थेचे, तणतणत स्टाफरूममध्ये आले. त्यांचा मुलगा दुसरा आला होता.

"बाई, काय तरी चुकलंय तुमचं. मराठीत बाहिरची पोरगी पयली? आमी काय तोंड दाखवायचं गावात?"

मी कपाट उघडलं. दोन्ही उत्तरपत्रिका काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. निबंधाचा विषय होता, 'माझे गाव'.

बाळासाहेबांनी चष्मा लावला. प्रीतीचा निबंध वाचायला घेतला. तिनं आमच्याच गावाबद्दल लिहिलं होतं. ओढ्याच्या कडेचं जांभळाचं झाड, शनिवारी दळणाची रांग, गिरणीवाल्या काकू नंबर नसतानाही म्हाताऱ्यांचं दळण आधी कसं घेतात ते. ते ओठ हलवत वाचत होते. मध्येच म्हणाले, "ही गिरणीवाली माजी चुलत भन हाय."

मग पोराचा निबंध घेतला. तो लवकर वाचून झाला. दोन्ही पेपर नीट एकावर एक ठेवून ते उठले.

"ह्यानं पुण्याबद्दल लिव्हलंय," ते म्हणाले. "मोठ्ठं झाल्यावर तितंच ऱ्हाणार म्हंतोय."

*

मुलींच्या कबड्डीचा संघ घेऊन मी साताऱ्याला गेले होते. क्रीडाशिक्षक आजारी, म्हणून मी. संघात अनिमा होती, आसामची. वडील कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला. डाव्या कोपऱ्यात तिच्यासारखी पकड जिल्ह्यात कुणाची नाही.

नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं सगळ्यांकडं बघितलं आणि तिच्यापाशी थांबला.

"ही कुठली? हिचं आधार कार्ड दाखवा."

मी ओळखपत्र पुढं केलं, मुख्याध्यापकांच्या सहीचं. "ते नको. आधार पाहिजे. आपल्याकडचीच आहे कशावरून?"

मी ओळखपत्रच पुन्हा पुढं केलं. कॅप्टन वैष्णवी मात्र पुढं झाली. ऊसवाल्या घरातली पोरगी, आवाज खणखणीत.

"सर, तिचं बघायचं असंल तर आमचं समद्यांचं बघा."

माणूस चिडला. "ठीक आहे. नियम म्हणजे नियम. बाराजणींचं आधार ठेवा इथं टेबलावर. ज्यांचं नसेल त्या खेळणार नाहीत."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. वैष्णवीचं घरी. बाकीच्या दहाजणींचंही घरी. अनिमानं किटच्या खिशातून कार्ड काढलं. लॅमिनेशन केलेलं, कडा झिजून पांढऱ्या झालेल्या. टेबलावर ठेवलं.

"सर, मग मी एकटीच खेळू का?"

तिनं अगदी साधेपणानं विचारलं होतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला, आणि त्यानंच आम्हाला आत सोडलं. उपांत्य फेरीत हरलो. येताना गाडीत मी तिला विचारलं, कार्ड आज मुद्दाम आणलं होतंस का?

"नाही मॅडम, रोज असतं. जत्रेला पण नेते. पाळण्यात बसताना."

*

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये अजून सांगितलेला नाही.

माझा मोबाईल सापडेना. मधल्या सुट्टीनंतर नववीचा तास होता. वर्गात शिरले आणि म्हणाले, "माझा फोन कुणी पाहिलाय का?" एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. पण खरं सांगते, दारातून आत येताना माझी नजर आधी रूपालीच्या बाकाकडं गेली होती. ती पारधी वस्तीवरून येते.

रूपाली उठली. दप्तर घेऊन पुढं आली आणि माझ्या टेबलावर उलटं केलं. वह्या, डबा, कंपास. कंपास उघडून दाखवला. स्कर्टचा खिसा बाहेर काढला. मग खाली बसून एकेक मोजा काढून झटकला. तिला थांबवायचं मला सुचलंच नाही.

"बघा मॅडम," ती म्हणाली.

तेवढ्यात शिपाई फोन घेऊन दारात. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मीच विसरले होते.

मी तिच्याबरोबर वह्या भरायला लागले. म्हणाले, "रूपाली, मी तुला काही म्हटलं नव्हतं गं."

"चालतंय मॅडम. पयलीपासनं असंच हाय. आधीच दाखवलं की तास बुडत न्हाई."

*

आता शेवटचा, मागच्या जूनमधला.

पालकसभा भरली होती. सुभेदार जाधव उभे राहिले. फौजेतून निवृत्त, गावात मान मोठा. त्यांचा संग्राम आठवीत.

"सर, आमी कुणाच्या इरोधात न्हाई. पण बाहिरच्या पोरांमुळं आमच्या पोरांची भाषा बिघडाय लागली. घरी येऊन 'भैया, पानी दे' म्हंत्यात. दोन तुकड्या करा. आतली येगळी, बाहिरची येगळी."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बिहार, ओडिशाचे पाच-सहा पालक होते. त्यांना अर्धंच कळलं असावं. त्यातल्या दोघांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मोहिते सर गडबडले. "पण आतलं-बाहेरचं ठरवायचं कसं?"

"सोपं हाय. जन्म कुठला ते बघा. शाळंत लिव्हल्यालं असतंय."

सरांनी विरोध करायला हवा होता. मीही करायला हवा होता. माझं अक्षर चांगलं म्हणून यादी लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी लिहिली. पोपटराव रजिस्टरमधून वाचत गेले, मी दोन कागदांवर, 'अ' आतल्यांचा आणि 'ब' बाहेरच्यांचा, नावं उतरवत गेले. मुंबईत जन्मलेल्या दोघांना कुठं घालायचं यावर त्यांनी अर्धा तास घेतला. बाकी कुठं अडलं नाही.

सोमवारी सकाळी याद्या बोर्डावर लागल्या. मी आठवीच्या वर्गात उभी राहून नावं वाचली. ज्यांची नावं 'ब'मध्ये येत होती ती पोरं दप्तर उचलून मुकाट्यानं शेजारच्या खोलीत जात होती. एकानंही का म्हणून विचारलं नाही. जणू सवयीचंच होतं.

बिहार-ओडिशाची सातजणं मात्र जागची हलली नाहीत. त्यांचा जन्म इथल्याच सरकारी दवाखान्यातला.

आणि संग्राम जाधव उठला. जन्मस्थळ अंबाला. वडिलांचं तेव्हा तिथं पोस्टिंग होतं.

दहा वाजता सुभेदार आले. बोर्डासमोर उभे राहिले. 'अ' यादी वरपासून खालपर्यंत बोटानं वाचली. पुन्हा वाचली. मग 'ब' वाचली.

"ही कुणी लिव्हली?"

"मी," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसंच."

ते 'ब'च्या दारापर्यंत गेले. आत पोरं खाली फरशीवर बसलेली, कारण बाकं अजून हलवायची होती. संग्राम उठून दाराशी आला. दप्तर पाठीवर तसंच.

"पप्पा, आपुन कुठलं?"

सुभेदार त्याच्याकडं बघत राहिले. छाती ताठ, हात मांडीला चिकटलेले, परेडला उभं राहावं तसे. आत पंधरा-वीस पोरं, बाहेर मोहिते सर, पोपटराव, मी.

मग ते बोर्डापाशी परत आले. दोन्ही याद्यांच्या टाचण्या एकेक करून काढल्या. कागद एकावर एक ठेवून चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवले. खिशाचं बटण लावलं.

"बाई," ते म्हणाले, "हजेरी घ्या."