तांब्याला लावलेलं तोंड

मी शिकायला शहरात आलो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ जोरात होती. क्रांती चौकात एके दिवशी मोर्चा, तर दुसऱ्या दिवशी बंद. वैजापूरकडच्या रानातून आलेल्या मला दोन्ही नवीन होतं. मेंढ्यांच्या मागं न जाता कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच.

समाजशास्त्राचे सर एकदा वंशभेदाबद्दल बोलले. परदेशात कातडीच्या रंगावरून माणसाची जागा ठरते, म्हणाले. आपल्याकडं रंग बघावा लागत नाही, आडनाव विचारलं की भागतं. दडपणाला दरवेळी मारझोड लागत नाही, ते सवयीत मुरतं आणि सोसणाऱ्याला ती रीतच वाटू लागते, असंही ते म्हणाले. मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, पण कळलं असं म्हणता येणार नाही. मला वाटलं, हे माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राबद्दल चाललंय.

मित्र बौद्ध होता. मोर्चाला जायचा आणि परतल्यावर मला सगळं सांगायचा. अख्ख्या शहरात माझ्याशी मनापासून बोलणारा तो एकटाच. त्याचा मोठा भाऊ चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला होता आणि त्यांनी गारखेड्याच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. एका रविवारी तो मला घरी घेऊन गेला.

त्याच्या आईनं, म्हणजे मावशीनं, तांब्याभर पाणी आणलं. मी दारापाशी उकिडवा बसलो, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि ती कधी पाणी ओतते याची वाट बघत राहिलो.

पाणी आलं नाही. वर बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला होता.

"आमच्या भांड्याला शिवायचं नाय व्हय तुला?" तिनं हळूच विचारलं.

मित्रानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मला वाटलं, संपलं. उद्यापासून हा दुसऱ्या बाकावर बसणार.

मी अडखळत सांगायला लागलो. खतासाठी शेतकरी आमच्या मेंढ्या रानात बसवून घेतात. पालावरचं पाणी संपलं की आम्ही पोरं त्यांच्या घरी जायचो. घरची बाई वरून पाणी ओतायची, आम्ही ओंजळीनं प्यायचो. भांडं कुणी हातात दिलं नाही, आम्हीही मागितलं नाही. त्या बायका वाईट नव्हत्या, कधी भाकरीही द्यायच्या. दुसऱ्याच्या दारात पाणी असंच पितात, एवढंच मला ठाऊक होतं.

बोलता बोलता माझेच शब्द माझ्या कानावर पडत होते. सरांनी तासाला सांगितलेलं सगळं माझ्या दोन तळहातांत होतं, पार लहानपणापासून.

मावशी माझ्यासमोर खाली बसली. "अन् तुमच्या पालावर आमच्यातलं कुणी पाणी मागायला आलं, तर तुझी आई कसं देती?"

खोटं बोलणं सोपं होतं. माझी आई तर तिथं नव्हतीच.

"वरूनच," मी म्हणालो.

मग मित्रच म्हणाला, "म्हंजी तुला वरून, अन् तुझ्याकडून आमाला वरून. सरांना म्हणावं, उगंच परदेशात कशाला जाता."

मावशीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "त्याला हसू नको रं. खोटं बोलला असता तर आपुन काय करणार व्हतो?" मग तिनं तांब्या माझ्या हातात दिला. "धर. तोंड लावून पी."

परक्या घरचं भांडं असं हातात धरायची मला सवय नव्हती. ते जड लागलं. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी पीत होतो आणि नवल करत होतो: त्या शेतकरणी, माझी आई, समोरची ही बाई, एकमेकींना कधी न भेटलेल्या. देताना हात किती उंच आणि घेताना ओंजळ किती खाली धरायची, हे त्या सगळ्यांना कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं होतं. आणि यातल्या एकीनं ते आज, माझ्यादेखत, मोडलं. एवढं मोठं काम इतक्या साधेपणानं होताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

रिकामा तांब्या मी कुठं ठेवावा या विचारात उभा राहिलो. तिनं तो माझ्या हातातून घेतला, त्यातच पुन्हा पाणी भरलं आणि उभ्या उभ्या स्वतः प्यायली.

"पुढच्या रविवारी जेवायलाच ये," ती म्हणाली.