लोणच्याची बरणी आणि वैनगंगेचा पूर

आमचं गाव बालाघाटजवळ, वैनगंगेच्या काठावर. माझे यजमान सरपंच. त्यामुळे पुराच्या वेळी खालच्या मोहल्ल्यानं घरं सोडून टेकाडावरच्या शाळेत कधी जायचं, हे त्यांनी ठरवायचं. आमचं घरही त्याच मोहल्ल्यात. लवकर सांगितलं तर लोक हसणार, उशीर झाला तर रडायलाही कोणी उरायचं नाही.

त्या श्रावणात त्यांनी दोनदा दवंडी दिली आणि दोन्ही वेळा पाणी घाटावरूनच परत गेलं. मग काय, कोणी थाप मारली की लोक म्हणायचे, "हा सरपंचाचा पूर!" तिसऱ्यांदा डफडं वाजवून दवंडी देणाऱ्या कोतवाराचे हात दुखले, पण मोहल्ल्यातली एक खाट हलली नाही. गावात नुसती रिपरिप होती. वर, नदी येते त्या सिवनीकडे मात्र पाऊस धो धो कोसळत होता आणि घाटाची शेवटची पायरी बुडाली होती.

यजमान ओसरीवर डोकं धरून बसले. "आज पानी खरंच येते. पन माह्यं कोनी आयकूनच नाही राह्यलं."

त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं, आणि मोहल्ल्याचा असा राग आला की विचारू नका. मी तडक आत गेले. माझ्या कैरीच्या लोणच्याला पावसाळ्यात ओला हात लागू नये म्हणून मी घरच्यांनाही बरणीजवळ फिरकू देत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीच बरणी लुगड्यात गुंडाळून मी डोक्यावर घेतली आणि त्या रिपरिपीत रस्त्यावर आले.

शेजारची काकू दारात तांदूळ निवडत होती. "काहून वो, लोणचं कुठं नेऊन राह्यली?"

"शाळेत. पानी येऊन राह्यलं."

काकूनं सूप टाकलं. "अवो, हिनं लोणचं काढलं! उठा आता, पूर येतेच!"

संध्याकाळी आमच्या ओसरीवर गुडघाभर पाणी होतं आणि अख्खा मोहल्ला शाळेत खिचडीबरोबर माझं लोणचं चाखत होता. वर्षाची बेगमी एका पंगतीत संपली. इतक्या आनंदानं मी लोणचं कधीच वाढलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसानं उघडीप दिली तेव्हा मी बरणी उन्हात ठेवायला अंगणात काढली. थोड्या वेळानं बघते तर काकू शेळी आणि गाठोडं घेऊन शाळेच्या वाटेला लागलेली, मागे निम्मा मोहल्ला!

"अवो काकू, ऊन दाखवून राह्यली मी!"

"मंग सांगत जा ना बाई!"

तेव्हापासून बरणी बाहेर काढायची तर आधी कोतवार डफडं वाजवायचा. "आयका हो आयका! सरपंचाकडचं लोणचं उन्हात ठेवलं हाय. नदी जागेवरच हाय!"

यजमान कपाळावर हात मारायचे. "माह्या इतक्या दवंड्या झाल्या, पन लोकायनं खरी मानली ते हेच एक."