वेगळा कप
स्पिरिटचा वास आला की आजही माझा अंगठा ठणकतो. गिरण्यांचा संप सुरू होता आणि घर माझ्या नर्सच्या नोकरीवर चाललं होतं. तेव्हा इंजेक्शनच्या सुया धुऊन, उकळून परत वापरायचो. परळच्या इस्पितळात सुया धुताना कावीळ झालेल्या पेशंटची सुई अंगठ्यात घुसली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "स्पिरिट लाव आणि कामाला लाग." घरी सांगितलं असतं तर नोकरी सोडायला लावली असती, म्हणून कुणाला न सांगता, घरच्यांना लागण नको यासाठी मी गुपचूप माझा कप वेगळा ठेवू लागले. एक दिवस सासूबाईंनी तो पाहिला. "अगं, गावच्या हॉटेलात आमच्या जातीला ठेवलेल्या ज्या वेगळ्या कपापायी आम्ही गाव सोडलं, तो तू घरात मांडलास?" मी कप उचलून फडताळात मागे ठेवला. कावीळ मला झालीच नाही. सासूबाई मात्र शेवटपर्यंत माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत. खरं कारण मी आज पहिल्यांदा सांगतेय, आणि ऐकायला त्या नाहीत.