मुगाच्या मुळांवरील गाठी

मुगाच्या मुळांवरील गाठी हा रोग आहे काय? हा प्रश्न मला रनाळ्याच्या माझ्या एका शेतकरी शेजाऱ्यांनी घातला. प्लेगमध्ये काखेत गाठ येते हे त्यांनी पाहिले होते; तेव्हापासून ‘गाठ’ हा शब्द निघताच ते स्वतःची काख चाचपत, बोलणे मात्र थांबवत नसत.

एके सकाळी ते रोप घेऊन शाळेत आले. “मास्तर, मन्हा मुगले गाठी उन्यात! समदा उपटी टाकस आते.” दुसरा हात काखेत होताच.

मी एक गाठ कापली; आत गुलाबी रंग दिसला. “उपटू नका,” मी म्हणालो. “आत गुलाबी म्हणजे गाठ कामात आहे. या गाठींतले जंतू हवेतला नत्र रोपाला देतात. त्यापासून रोप अमिनो आम्ले बनवते आणि ती जोडून दाण्यातले प्रथिन.”

“गाठी बी, जंतू बी, आनि पीक चांगलं शे?”

“हो. रोप जंतूंना साखर खाऊ घालते.”

“खातस आनि राबतस बी? मंग घरजवाई शेतस!”

ते इतके हसले की हात आपोआप काखेतून निघाला. मूग शेतात उभा राहिला. पुढे शेंगा उतरल्यावरही त्यांनी रोपे उपटली नाहीत. विळ्याने कापून, गाठींतला नत्र पुढच्या पिकाला मिळावा म्हणून, मुळे जमिनीतच राखली.

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. मुगाचे एक रोप अलगद खणून, गाठ कापून स्वतः पाहावी.