भोंग्याचा बिनआवाजी जनरेटर

डिझेल इंजिनांचे सायलेन्सर बनवणाऱ्या या गृहस्थाला सगळा बाजार भोंगा म्हणायचा. जन्म इंजिनांच्या शेजारी गेलेला, त्यामुळे कानाने थोडा अधू आणि तोंडाने भलताच तगडा. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक एक चहा संपवून दुसरा मागवायचं.

विषय ठरलेला. कापलेला जुना सायलेन्सर पुढे धरून तो म्हणायचा, "आवाज कोंडायचा नसतो हो! आत बघा, भोकाभोकांची नळी. आवाज भोकांतून खणात शिरतो, भिंतीवर आपटून माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्याला भिडतो. आपसात लढून दोघंही गार! पण धूरही त्याच भोकांतून जातो, त्याला वाट मोकळी पाहिजे. ती अडवलीत की इंजिन गुदमरलंच."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! घरी त्याची मुलगी आठवडाभर त्याच्यामागे होती. परगावच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती आणि बाबांनी आनंदाने 'जा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण "बाबा, मला जरा..." एवढं होतंय तोवर "थांब, आधी माझं ऐक," म्हणून स्वारी सुरू. वर शेजाऱ्याला ऐकवायचा, "आमच्या घरात वादच नाहीत!" तेव्हा बायको आत भांडी आपटत असायची. त्याला ते ऐकू जायचं नाही, हे त्याचं नशीब.

अशात समारंभाच्या हॉलचा मालक आला. त्याला स्वतःच्या सत्काराचं भाषण करायचं होतं आणि त्या वेळी जनरेटरचा हूं की चूं नको होता.

"तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?" मालक म्हणाला. झालं! भोंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एरवी गिऱ्हाइकाला दटावणारा हा पठ्ठ्या, त्याने नळीची अर्धी भोकं वेल्डिंगने बुजवून टाकली.

सत्काराच्या संध्याकाळी जनरेटर खरोखर मांजरासारखा गुरगुरत होता. भोंगा पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला समजावत होता, की हे कौशल्य आहे, आणि ते कोणाचं आहे. मग मालकाने भाषणाला तोंड फोडलं, सगळे दिवे आणि पंखे एकदम लागले, जनरेटरवर भार आला आणि मागच्या दारातून काळाकुट्ट धूर आत शिरला. इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. अंधारात मालकाचा आवाज मात्र माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

भोंगा घरी आला तो काजळीने माखून. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. हातपाय धुऊन तो मुलीसमोर बसला. तिच्याजवळ एक बॅग भरून ठेवलेली होती.

"तुला काहीतरी सांगायचं होतं ना गं? सांग."

"नोकरी लागलीय, बाबा. त्यांना कालच हो कळवलं. सकाळच्या गाडीने निघतेय."

त्याला फार वाईट वाटलं. मला का नाही विचारलंस, हे ओठांवर आलं होतं, पण ते विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

"सोडायला येऊ का गाडीवर?" त्याने हळूच विचारलं.

"नको, बाबा," मुलगी म्हणाली. "आई येतेय. आम्हाला जरा बोलायचंय."