आरटीओकाकांची स्ट्रीट रॉड

पंचवीस वर्षं अमेरिकेत काढूनही आमचे काका वाहनखात्याच्या कचेरीला 'आरटीओ'च म्हणत. पुण्याहून कुणी नवा मुलगा आमच्या चँडलर गावी आला आणि लायसन्सचं विचारू लागला, की "आरटीओत कुठल्या खिडकीवर जायचं ते आधी मला विचार" हा निरोप त्याला पोचलाच म्हणून समजा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण काकांना कुठल्या तरी कचेरीची पायरी चढल्याशिवाय आठवडा गोड लागत नसे. महाराष्ट्र मंडळात त्यांना चेष्टेने आरटीओकाका म्हणू लागले, तर त्यांना तो सन्मान वाटला. यातच सगळं आलं.

मी त्यांची शेजारीण. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी गॅरेजमध्ये स्ट्रीट रॉड बांधायला घेतली. म्हणजे काय, तर नव्वद वर्षांपूर्वीच्या मोटारीचा सांगाडा आणायचा, त्यात आजचं इंजिन नि आजचे ब्रेक बसवायचे, वर भडक लाल रंग फासायचा आणि रस्त्यावर मिरवायचं. सांगाडा एका शेतातल्या भंगारातून आला. त्यानंतर सहा वर्षं आमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं. काकू बिचाऱ्या स्वतःची गाडी उन्हात ठेवत, आणि चँडलरच्या उन्हात स्टिअरिंग हातात धरवत नाही.

"काका, बाजारात तयार गाड्या मिळतात हो," मी एकदा म्हटलं.

"त्या कुणीही घेतो गं. ही मी केलेली असेल."

पुढे त्यांना घाई झाली, आणि तिचं कारण काकूंना नि मला तेवढं ठाऊक होतं, कारण डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना मीच नेत असे. काचबिंदूने त्यांची कडेची नजर खात आणली होती. नाकासमोरचं दिसे, बाजूचं नाही. ऑक्टोबरात लायसन्स रिन्यू करताना डोळे तपासतील आणि तुम्ही नापास व्हाल, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. तोवर दिवसाउजेडी, घराजवळ चालवा. म्हणजे ऑक्टोबरच्या आत गाडी रस्त्यावर आली तर काका तिच्या स्टिअरिंगवर बसणार, नाहीतर कधीच नाही.

घरी बांधलेल्या गाडीची आधी तपासणी होते. कुठला भाग कुठून आणला त्याच्या पावत्या बघतात, सांगाड्यावरचा नंबर बघतात, आणि ती चोरीची नाही अशी खात्री पटली की मग पुढचे कागद. जुलैत गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही निघालो. ट्रक मी चालवत होते आणि काका मांडीवर फाइल घेऊन बसले होते. फाइल कसली, पोथीच ती! प्रत्येक पावतीच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि प्रत्येकीवर 'ट्रू कॉपी' लिहून स्वतःचीच सही.

इन्स्पेक्टर बाई गाडीखाली वाकल्या. टॉर्च इकडून तिकडे फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"व्हेअर इज द नंबर?"

काकांनी हसतमुखाने फाइल उघडली. आपल्याकडे आरटीओसाठी चॅसिस नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि छाप काढतात. तसा छाप काकांनी काढला होता, वर लॅमिनेटही केला होता. आणि एकदा छाप मिळाल्यावर, तो ओबडधोबड नंबर गुळगुळीत सांगाड्यावर शोभेना म्हणून ग्राइंडरने साफ घासून वर रंग मारला होता.

"मॅडम, इट इज ऑन पेपर!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी, हे शाळेतल्या पोराला कळतं. बाईंनी गाडी तिथेच ठेवून घेतली. चौकशी होणार, आणि किती महिने लागतील ते सांगता येणार नाही म्हणाल्या. परतताना मागे रिकामा ट्रेलर खडखडत होता.

"काका, अक्कल गहाण टाकली होती का?" मी बोललेच.

"मला वाटलं, कागद म्हणजे पुरावा," ते म्हणाले.

मग सांगाडा देणाऱ्या त्या शेतमालकाला गाठून त्याचा लेखी जबाब आणला. दर आठवड्याला कचेरीत चकरा मारल्या, त्याही आता माझ्याच गाडीतून. ऑक्टोबरात काका डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. नोव्हेंबरात त्यांची गाडी चोरीची नाही असं ठरलं आणि तिला नवा सरकारी नंबर मिळाला.

राहिला विमा. फोनवरच्या माणसाने विचारलं, ही हौसेची गाडी ना, रोज कामावर तर नेणार नाही? गॅरेजमध्येच ठेवाल? काका फटाफट उत्तरं देत होते. "अँड हू विल बी ड्रायव्हिंग इट?"  यावर मात्र माझ्याकडे न बघता त्यांनी माझं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. मला विचारलंसुद्धा नाही. एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

पहिल्या रविवारी मी चालवत होते आणि काका शेजारी बसून सूचना देत होते. "एवढं दाबू नकोस. ब्रेक हळू. अगं, ती काही तुझी टोयोटा नाही!" सिग्नलला त्यांच्या बाजूला एक पिकअप येऊन थांबला. आतल्या म्हाताऱ्याने गाडी टायरपासून टपापर्यंत न्याहाळली आणि काचेआडून काकांना अंगठा दाखवला. काका नाकासमोर बघत बसलेले. म्हातारा तसाच अंगठा धरून थांबला. इतकी वर्षं मी या माणसाची खिल्ली उडवत आले होते. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

"काका, एक जण तुम्हाला सलाम करतोय."

काका ताठ बसले. चेहरा फुलला, आणि त्यांनी समोरच्या मोकळ्या चौकाकडे बघून हात वर केला. तोवर पिकअप उजवीकडे वळून निघून गेला होता.

"गेला का गं?" हात तसाच धरून त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं. "अजून बघतोय."