अण्णांच्या रंगाखालची डिस्क

“घासू नका. वरून नुसता रंग मारा,” राणेसाहेब म्हणाले.

त्यांच्या जुन्या गाडीची स्टेपनीसकट पाचही चाकं माझ्या मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून उभी होती. मी गाड्यांचं पेंटिंग करतो. जुन्या गाड्या जास्त घेतो. नव्या गाड्यांचे मालक फार घाईत असतात.

टायर ज्याच्यावर बसतो त्या लोखंडी भागाला आम्ही डिस्क म्हणतो. ही गाडी राणेंच्या वडिलांची, अण्णांची. अण्णा गिरणीत फिटर होते. दर दिवाळीला स्वतः ब्रश घेऊन डिस्क रंगवायचे. आधीचा रंग न काढता. थर भाकरीएवढा जाड झाला होता.

“साहेब, ह्याच्यावर मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटेल.”

“अण्णांच्या हातचा रंग आहे तो.”

राणेवहिनी सोबत होत्या. “काढा हो,” त्या म्हणाल्या. “गणपतीला ह्याच गाडीने कणकवलीला जायचंय. बघवत नाहीत ती चाकं.”

राणे चाकांकडे पाठ करून बाहेर गेले. मी तो होकार धरला.

टायर उतरवले. पेंट रिमूव्हर लावला, म्हणजे रंग फुगवून सोडवणारं केमिकल. वरचा रुपेरी निघाला, मग काळा, परत रुपेरी. चार डिस्क ठीक होत्या. पाचवीच्या एका बोल्टच्या भोकाजवळ पुट्टी निघाली. पुट्टी खड्डा बुजवायला लावतात. डिस्कला ती कोणी लावत नाही. मी ती खरवडली. खाली वेल्डिंगचा जुना टाका होता. टाक्याच्या टोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसासारखी रेघ.

रेघ ओरखडाही असू शकते. म्हणून एका बाजूने रॉकेल लावलं, दुसऱ्या बाजूने खडू फासला. थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटली. रॉकेल आरपार आलं होतं. तडा होता.

मी राणेंना बोलावलं. दोघं आले.

“तुमच्या घासण्याने गेली असेल,” राणे म्हणाले.

मी वेल्डिंगवर चिकटून राहिलेला रंग दाखवला. अण्णांचाच होता, सगळ्यात आतला; म्हणजे डिस्क त्यांच्या वेळीच तडकलेली.

“मग परत वेल्डिंग मारा.”

“नाही मारणार. घाटात ब्रेक दाबला की सगळा जोर ह्या भोकांवर येतो. चाक निखळेल. आणि रंगवूनही देणार नाही. रंगवली की तडा दिसायचा बंद होतो, जात नाही.”

“अण्णांनी चालवलीच ना एवढी वर्षं?”

वहिनी डिस्ककडे बघत होत्या. “म्हणून ते घाटात चाळिसाच्या वर जायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “आम्हाला वाटायचं, नजर गेलीय.”

राणे स्टुलावर बसले. “मागच्या सीटवर आम्ही चौघं भावंडं असायचो,” ते म्हणाले. मग उठले आणि निघून गेले.

मला वाटलं, काम गेलं. दुसरीकडून रंगवून घेतील. त्याची जास्त धास्ती होती.

पण त्यांचा फोन आला. “कुर्ल्याला भंगारात मिळेल का हो अशी डिस्क?”

आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने ढिगातून एक काढून आपटली. “एकदम झकास आहे, शेठ.” राणेंनी खिशातून खडू काढला. रॉकेलची बाटलीही आणली होती. पहिली डिस्क नापास झाली, दुसरीही. दुकानदार म्हणाला, “शेठ, गाडीला लावायचीय की हिला सून करून न्यायचीय?” राणेंनी तिसरी मागितली. ती पास झाली.

बाकी काम सरळ होतं. गंज काढला, प्रायमर मारला, त्यावर रंगाचे पातळ हात. नट बसतात ती जागा आणि डिस्क हबला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला टेकते ती मागची बाजू टेप लावून झाकली. तिथे जाड रंग बसला तर तो दबतो, नट सैल होतात.

जुनी डिस्क राणेंनी परत मागितली. ती परत कुणी गाडीला लावू नये म्हणून मी आधी ग्राइंडरने तिचे दोन तुकडे केले. ते उभे राहून बघत होते. एक तुकडा घेऊन गेले.

गणपतीला दोघं कणकवलीला पोचले. वहिनींचा फोन आला. गाडी छान चालली, पण हे घाटात चाळिसाच्या वर गेलेच नाहीत, मागून ट्रकवाले शिव्या घालत होते.

जुनी डिस्क आली की मी हल्ली लगेच रंग निवडायचं शेड कार्ड काढत नाही. आधी रंग उतरवतो. कुठला रंग मारायचा हे नंतर ठरवता येतं.